दुसऱ्याच्या हातून अंघोळ घेताना विसावा कसा मिळतो?

नगरच्या बाई (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी मूळची नगरची, मिशन शाळेतली निवृत्त शिक्षिका, वय 79. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून गोळा बदलला, तेव्हापासून पुण्याला मुलाकडे आहे. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरते. जेवण आपल्या हाताने होतं, अंघोळ होत नाही.

सून बँकेत आहे. पहाटे उठून डबे करते, मग मला बाथरूममध्ये नेते. पाठ चोळते, पाय धुते, बोटांच्या बेचक्यासुद्धा टिपून कोरड्या करते. कधी एका शब्दाने कुरकुरली नाही. तरी ती पायाशी वाकली की मी भिंतीकडे तोंड करते. सगळं मुकाट्याने उरकतं. माझ्या सासूबाईंचं शेवटी मीच केलं, त्यात कधी कमीपणा वाटला नाही. करून घेताना मात्र जीव नकोसा होतो.

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांकडून ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, मी तुम्हांला विसावा देईन’ हे प्रभू येशूचं वचन पाठ करून घ्यायचे. आता दिवसभर पडूनच असते, पण मनाला विसावा नाही. भेटायला येणारे पंडिता रमाबाईंचा दाखला देतात, की 1922 साली देवाघरी जाईपर्यंत त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. रमाबाईंविषयी मला फार आदर आहे, केडगावला मुक्ती मिशन बघूनही आले आहे. पण जिच्या हातून काहीच काम होत नाही, तिने काय धरून राहायचं? जे स्वतः यातून जात आहेत किंवा कुणाचं करत आहेत, त्यांनी लिहावं.

निवृत्त पाळक (चर्चचे धर्मगुरू), सोलापूर

बाई, सलाम. मला कंपवात आहे. सदऱ्याची बटणं मुलगा लावतो, म्हणून लिहितो.

योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, प्रभू, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. प्रभू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्राची पहिली अडचण सेवा करण्याची नव्हती, करून घेण्याची होती. पुढे एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, प्रभू त्यालाच सांगतो, की म्हातारा झालास म्हणजे तू हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी आहे असं योहान स्वतःच लिहितो, ते मी झाकत नाही. पण सकाळी बाही घालून घ्यायला हात लांब केला की मला तेच वचन आठवतं. आणि त्याच्या लगेच पुढे प्रभू म्हणतो, ‘माझ्यामागे ये.’ दुसऱ्याने कंबर बांधलेल्या माणसालाही त्याच्यामागे जाता येतं. चर्चच्या मंडळीत उभा राहून उपदेश करत होतो तेव्हा हे मला एवढं लागलं नव्हतं.

काम नसलं तर काय धरायचं, असं विचारलंत. मला वाटतं, धरायचं नाही. त्याने आपल्याला धरलंय.

श्रीरामपूरची सून

बाई, मी तुमच्या सुनेच्या जागी आहे, तेव्हा तिच्या बाजूने लिहिते. सासूबाई गप्प बसल्या की माझा जीव घाबरा होतो. पाणी कढत आहे का, हात जोरात लागला का, काहीच कळत नाही. तुम्ही बोला. लाज वाटत असेल तर परकर छातीशी बांधून अंघोळ करा, आम्ही तसंच करतो. हात पोहोचतो तिथे साबण तुम्ही लावा, बाकीचं तिला करू द्या. आणि ऑपरेशन झालंय तर बुटकं स्टूल अजिबात नको. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत, असं आमच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी बजावलं होतं.

माझाही आवाज कधी चढतो, आम्हीही थकतो. पण सासूबाई मी निघताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, ऑफिसात कोण आजारी आहे ते विचारून त्यांच्यासाठीही करतात. तेवढ्याने माझा दिवस निभतो.

वसईहून

आम्ही कॅथलिक. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा फादर घरी येऊन कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची पवित्र भाकर, द्यायचे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सेहेचाळिसावा अध्याय बाबा पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) देवांच्या मूर्ती थकल्या जनावरांवर लादून न्याव्या लागतात, आणि आपला देव मात्र गर्भापासून केस पिकेपर्यंत आपल्यालाच वाहून नेतो. आम्ही बाबांना उचलायचो तेव्हा ते म्हणायचे, ‘तोच उचलतोय, हात तुमचे.’ बाई, तुमच्या पाळकांना प्रभुभोजन घरी द्यायला सांगा. संकोच करू नका.

नगरच्या बाई

सर्वांचे आभार. पाळकसाहेब, पेत्राचे हे दोन अध्याय मी कितीदा शिकवले, पण शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. आज अंघोळीच्या वेळी सुनेला म्हटलं, पाणी जरा कढत आहे गं. ती म्हणाली, आई, मग रोज सांगत का नव्हता? आणि रडायलाच लागली. मीही रडले. तिला बँकेत उशीर झाला.

प्रार्थना मला येते, तेवढी रोज करीन. पाळकांना आज फोन केला, शनिवारी येतो म्हणाले. श्रीरामपूरच्या ताई, आमच्याकडे लाकडी पाटच आहे, तो आजच बदलायला सांगते. तुमच्याकडे भिंतीला धरायचा दांडा आहे का? असला तर जमिनीपासून किती उंच लावलाय ते कळवा, मुलगा रविवारी उपासनेनंतर बसवणार आहे.