मदत हवी आहे: कारचा एसी हायवेला गार, चौफुलीवर कोमट. गॅस भरू का?

केळीबाग (जळगाव):
पेट्रोल हॅचबॅक, २०१५ ची. गॅस आर-१३४ए, बॉनेटखालच्या स्टिकरवर ३५० ग्रॅम लिहिलंय. भुसावळ रोडला ८० च्या स्पीडला चांगली गार हवा येते. अजिंठा चौफुलीला गाडी उभी राहिली की चार-पाच मिनिटांत हवा कोमट होते, आणि गाडी पळाली की परत गार. एसीचा क्लच लागतो, बेल्ट ओरडत नाही, ब्लोअर चारही स्पीडला चालतो. गेल्या उन्हाळ्यात गॅस टॉप-अप केला होता. गॅरेजवाले म्हणतात, परत भरून टाकू. भरू की आधी काही तपासू?

फिटर_धुळे:
भाऊ, आत्ता गॅस अजिबात भरू नका. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांत फिरत असतो. होज आणि शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, पण एका उन्हाळ्यात कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. तिथे आधी तेलकट डाग शोधायचा: कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) खालच्या कडा, पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागे. गॅस कमी असला तरी हायवेला थोडं बरं वाटतं हे खरं, पण तुम्ही सांगताय इतका फरक सहसा पडत नाही. उभ्या गाडीतच गरम होतं म्हणजे माझा पहिला संशय कंडेन्सरवरच्या हवेवर.

लो आणि हाय दाबाचे दोन्ही गेज लावून तीन रीडिंग घ्या. एक, गाडी सावलीत पूर्ण थंड असताना, इंजिन बंद. दोन, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू) पाच मिनिटं, ब्लोअर फुल, दारं उघडी. तीन, तसंच चालू ठेवून समोर पेडेस्टल फॅन लावा आणि कंडेन्सरवर पाणी शिंपडा.

केळीबाग:
सावलीत ४२ अंश. बंद असताना दोन्ही गेज १४० पीएसआय. आयडलला लो ६५, हाय ३४० आणि चढतच होता. फॅन आणि पाणी लावल्यावर लो ४२, हाय २३०, हवा लगेच गार.

यावलचा_वायरमन:
बंद गाडीत १४० आहे म्हणजे गॅस पुरेसा आहे. विषय संपला.

फिटर_धुळे:
दादा, तसं म्हणता येत नाही. घरचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, आतला दाब तोच असतो. आत थोडं जरी द्रव शिल्लक असलं तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए चा ४२ अंशाला साधारण १४० होतो, ३५ ला ११५ च्या आसपास. म्हणून या रीडिंगवरून गॅस किती आहे ते कळत नाही. मात्र आत हवा शिरलेली नाही हे कळतं. व्हॅक्यूम न मारता, म्हणजे आतली हवा पंपाने न ओढता गॅस भरला असता तर हाच आकडा १४० च्या बराच वर दिसला असता.

बाकीचा हिशोब असा. दोन्ही गेज कमी: गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर दमलाय. लो शून्याकडे किंवा खाली: एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) किंवा ड्रायर (ओलावा शोषणारा) तुंबलाय. दोन्ही जास्त: कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस जास्त झालाय. तुमचे दोन्ही जास्त आहेत आणि पाणी मारताच खाली आले. अशात आणखी गॅस भरला तर हाय आणखी चढेल, ४५० च्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडेल आणि कॉम्प्रेसरवर फुकट ताण येईल.

आता जाळी. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखा बसतो. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून फसायला होतं. वरचे बोल्ट सोडून रेडिएटर थोडा मागे घ्या आणि टॉर्चने फटीत बघा. पाणी इंजिनच्या बाजूकडून पुढे, साध्या पाइपने मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते.

यावलचा_वायरमन:
बरोबर, तुमची दुरुस्ती मान्य. पंख्याचं मी सांगतो. एसी चालू केल्यावर पंखा लगेच फिरायला हवा. वर्तमानपत्राचा कागद पुढच्या जाळीला लावा: चिकटून राहिला तर हवा आत ओढली जातेय. ढकलला गेला तर मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्यात. कागद लटकला तर पंखा कमजोर. मग इंजिन चालू, पंखा फिरत असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग पंख्याच्या प्लगवर व्होल्टेज बघा. फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतो. प्लगवर पूर्ण व्होल्टेज असून पंखा मंद असेल तर मोटरचे ब्रश गेले. स्पीड कमी करायला रेझिस्टर असलेल्या गाडीत हे माप हाय स्पीडलाच घ्या. हात पंख्यापासून लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो.

केळीबाग:
फटीत कापूस होताच, काढला. आयडलला हाय आता २९०. कागद लटकतो. पंख्याला एकच स्पीड आहे. बॅटरीवर १३.७, प्लगवर ११.१. पंख्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) बदलला तरी ११.३ च.

यावलचा_वायरमन:
मग रिलेच्या बेसमध्ये बघा. ज्या पिनेचं प्लास्टिक तपकिरी झालंय तिचं टर्मिनल ढिलं पडलंय, तिथेच व्होल्टेज मरतं. नवा रिलेही तिथे तापून जाईल. ते टर्मिनल आणि वायरचा जळका तुकडा कापून नवं टर्मिनल क्रिम्प करा (पक्कडने दाबून बसवा), वायर तेवढ्याच जाडीची घ्या. मग निगेटिव्ह तपासा: मीटरचं एक टोक पंख्याच्या काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ पेक्षा जास्त आलं तर बॉडीचा अर्थिंग पॉइंट खरवडून घट्ट करा.

फिटर_धुळे:
प्लगवर १३ च्या वर आलं की परत आयडलचं रीडिंग घ्या. ४२ अंशाला हाय २५० च्या आसपास स्थिरावला तर गॅसला हात लावू नका. तरीही २८० च्या वर राहिला तर गेल्या वर्षीच्या टॉप-अपमध्ये गॅस जास्त गेला असणार. मशीनवर सगळा गॅस काढून वजन करायला सांगा, अर्धा तास व्हॅक्यूम, मग १५ मिनिटं पंप बंद ठेवून सुई हलत नाही ना ते बघा, आणि काट्यावर मोजून ३५० ग्रॅम भरा. किती ग्रॅम निघाला तो आकडा बिलावर लिहून घ्या.