मदत हवी आहे: विंचूदंश आणि स्पायनल भूल, थिसिस कसा आखू?

नमस्कार मंडळी,

मी कोकणातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्रात एमडी करते आहे. पहिलं वर्ष आहे, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायची वेळ जवळ आली आहे. विषय मनात पक्का आहे, गाईड मॅडमनाही पसंत आहे, पण तो करायचा कसा यावर आमच्या विभागातच दोन तट पडले आहेत. इथे भूलतज्ज्ञ, संख्याशास्त्रवाले आणि कोकणात दवाखाना चालवणारे बरेचजण वाचतात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न असा: ज्यांना पूर्वी लाल विंचू चावलेला आहे, त्यांना पाठीतून दिलेली भूल (स्पायनल) उशिरा चढते का, कमी चढते का, की चढतच नाही?

भारतातल्या भूलतज्ज्ञांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत असे रुग्ण नोंदवले आहेत. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं, औषध नीट गेलं, तरी रुग्ण पाय हलवतोय. मागाहून विचारलं तर विंचू चावल्याचं निघतं, काहींना तर एकाहून जास्त वेळा. यावर काही लहान अभ्यासही झाले आहेत. त्यामागचा तर्क समजायला सोपा आहे. बुपिव्हॅकेन हे भुलीचं औषध मज्जातंतूच्या सोडियम चॅनेलला (संदेश पुढे नेणाऱ्या बारीक दाराला) आतल्या बाजूने धरून बंद पाडतं, आणि विंचवाच्या विषातली काही द्रव्यं त्याच चॅनेलवर बसून त्याला मिटू देत नाहीत. अडचण पुढे आहे. विष काही शरीरात वर्षानुवर्षं राहत नाही, मग दंशानंतर इतक्या काळाने औषध का चालू नये? कुणी प्रतिपिंडांकडे बोट दाखवतं, कुणी चॅनेलमध्येच बदल होत असेल म्हणतं. सिद्ध यातलं काहीच झालेलं नाही. योगायोगही असू शकतो, आणि तसं निघालं तरी ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हे काम कोकणात नाही करायचं तर कुठे? बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले, प्राझोसिनच्या गोळीने माणसं वाचतात हे १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या नियतकालिकात प्रतिविष आणि प्राझोसिनची रीतसर चाचणी छापली. आमच्या ओपीडीत आजही सरपण हलवताना, जांभ्याचे चिरे उचलताना, अंधारात पडवीत पाय टाकताना विंचू चावलेली माणसं येतात. त्यातली कितीतरी पुढे हर्निया नाहीतर मांडीच्या हाडासाठी आमच्याच टेबलावर असतात. पण भुलीपूर्व तपासणीच्या आमच्या फॉर्मवर विंचवाचा रकानाच नाही. दमा, मधुमेह, तंबाखू, दातांची कवळी, सगळं विचारतो आणि हे राहतं.

आता खरी अडचण. स्पायनल फसण्याचं प्रमाण जगभरच्या अहवालांत एक टक्क्याच्या आतपासून ते १७ टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे. तो १७ टक्क्यांचा आकडा १९८५ सालचा, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयातला. म्हणजे जिथे शिकणारे हात असतात तिथला! आमचाही विभाग शिकवणारा आहे. सकाळच्या यादीतल्या बहुतेक स्पायनल आम्ही रेसिडेंटच (शिकणारे डॉक्टरच) देतो, सर किंवा मॅडम खांद्यामागे उभे असतात. सुई बरोबर जागी लागून औषध देताना केसभर सरकली, तर अर्धं औषध बाहेर. मग फसली ती विंचवामुळे की हातामुळे, हे सांगणार कोण?

एका गटाचं म्हणणं, अभ्यासातली प्रत्येक स्पायनल अनुभवी प्राध्यापकांनीच द्यावी. शास्त्राला धरून आहे, पण तसं केलं तर मोठ्या प्रमाणावर आमचं शिकणं थांबेल. स्पायनल पुतळ्यावर शिकता येते ती एवढीच, की सुई कशी धरायची. लिगामेंटमधून (मणक्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांतून) जातानाची ती चिकट रेझिस्टन्स आणि ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचं आवरण) ओलांडतानाची बारीक ‘टक’ माणसाच्या पाठीतच कळते. दुसऱ्या गटाचं म्हणणं, रेसिडेंटनीच द्यावी, पण देणाऱ्याने आजवर किती स्पायनल दिल्या आहेत हे प्रत्येक वेळी नोंदवून विश्लेषणात धरावं. मला हे पटतं, मात्र त्याने नमुना, म्हणजे लागणारी रुग्णसंख्या, किती वाढेल याचा अंदाज नाही.

माझा सध्याचा आराखडा असा. नियोजित शस्त्रक्रियेचे प्रौढ रुग्ण, सिझेरियन वगळून, कारण गरोदरपणात औषध पसरतंच वेगळं. सगळ्यांना ०.५ टक्के हेवी (पाठीतल्या पाण्याहून जड) बुपिव्हॅकेन ३ मिली. औषध देण्याआधी आणि दिल्यावर पाणी मोकळं येत असेल तरच रुग्ण अभ्यासात. नुसतं ‘फसली की नाही’ एवढंच न पाहता, स्पिरिटच्या बोळ्याने गारवा कुठपर्यंत लागतो ते ठरावीक मिनिटांनी बघायचं आणि पायांची हालचाल ब्रोमेज श्रेणीवर (पाय किती हलतात त्याच्या ठरलेल्या पायऱ्यांवर) मोजायची. बोळा लावणाऱ्याला विंचवाचा इतिहास ठाऊक नसावा.

विचारायचं ते हे:

विंचू चावल्याची खात्री कशी करायची? नुसत्या आठवणीवर विसंबलं तर इंगळी (मोठा काळा विंचू) आणि लाल विंचू यांची सरमिसळ होणार. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, दवाखान्यात ठेवावं लागणं, यावरून ठरवलं तर चालेल का? जुनी डिस्चार्ज कार्डं फार कमी लोक जपतात. ग्रामीण रुग्णालयातल्या मित्रांनी आपल्याकडच्या नोंदी कशा असतात ते सांगावं.

भूल देणाऱ्यापासून हा इतिहास लपवणं एथिक्स कमिटीला चालेल का? मला स्वतःला ते बरोबर वाटत नाही. भूल देणाऱ्याला रुग्णाची पूर्ण माहिती हवी, आणि स्पायनल चढली नाही तर पूर्ण भुलीची तयारी आधीपासून हवी. फक्त मोजणाऱ्याला अंधारात ठेवलं तर पुरे का?

आणि संख्याशास्त्रवाल्यांना: भूल चढायला लागणारा वेळ हे मुख्य माप धरलं तर एका रेसिडेंटच्या आवाक्यातला नमुना बसेल का? सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करायची असल्याने माप नंतर बदलता येणार नाही, म्हणून आत्ताच पक्कं करायचंय.

ज्यांना विंचू चावला होता आणि नंतर पाठीतून भूल घ्यावी लागली, त्यांनीही अनुभव लिहिला तर प्रश्नावली नीट बांधता येईल. कृपया नाव, गाव, रुग्णालय लिहू नका. इथलं काहीही अभ्यासात आकडा म्हणून जाणार नाही.

भर: पहिल्या प्रतिसादांबद्दल आभार. ‘मग ज्यांना विंचू चावलाय त्यांनी स्पायनल घ्यायचीच नाही का,’ असं एका ताईंनी विचारलंय. नाही, तसं अजिबात नाही.  ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना एवढं सांगा की विंचू चावला होता, केव्हा आणि किती वेळा. दाताच्या भुलीच्या इंजेक्शनचा असर झाला नव्हता असंही कुणाला आठवत असेल तर तेही सांगा. एका काकांनी दर पावसाळ्याच्या तोंडावर विंचू निघतात त्या वाडीतल्या आरोग्यसेविकेशी बोलायचं सुचवलंय. त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघावा.