ब्लॉगसाठी थीम सुचवा, शनिवारपर्यंत पाहिजे

इतवारी_लोकल · बुधवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन रात्री झाल्या, नुसत्या थीम पाहून राहिले. सोळा लावून झाल्या. डेमोमध्ये झकास दिसतात, माझ्याकडे आणली की कळाच जाते. साधी, स्वच्छ, पण जरा भारदस्त अशी एखादी थीम सांगा. फोटो भरपूर आहेत, मजकूरही आहे. रविवारी सकाळी सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवायची आहे, म्हणजे शनिवारी रात्री सगळं जागच्या जागी हवं. 'आधी लेखन महत्त्वाचं' वगैरे कृपया सांगू नका, लेखन तयार आहे. फक्त नाव सांगा.

मंदार_टी · रात्री ११:५२

ब्लॉगर का वर्डप्रेस? वर्डप्रेस असेल तर डॉट कॉमवर का स्वतःचं होस्टिंग घेतलंय? विषय काय? हे न सांगता थीम सुचवणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणं.

सावजी_रस्सा · रात्री ११:५८

अॅस्ट्रा टाक. डोळे मिटून. माझ्या तीन साइट त्याच्यावरच चालून राहिल्या.

जुना_ब्लॉगर · गुरुवार, सकाळी ६:१५

कशाला त्या वर्डप्रेसच्या नादी लागता? मी २००९ पासून ब्लॉगरवर आहे. आजवर एक रुपया खर्च नाही, अपडेट नाही, हॅक नाही. गूगलने ते २००३ मध्ये घेतलं आणि अजून चालू आहे. थीम म्हणाल तर 'सिंपल'. नावातच सगळं आलं.

सावजी_रस्सा · सकाळी ८:३०

काका, तुमचा ब्लॉग पाहिला. उजवीकडे घड्याळ, डावीकडे उडणारं फुलपाखरू, वर पळणारी सूचना. सिंपल म्हणे!

जुना_ब्लॉगर · सकाळी ८:४१

फुलपाखरू नातीने टाकलंय. ते काढणार नाही.

इतवारी_लोकल · सकाळी ९:०५

वर्डप्रेस. स्वतःचं होस्टिंग, वर्षाचे पैसे भरून झालेत, त्यामुळे ब्लॉगरचा विषय संपला. अॅस्ट्रा लावून पाहिलं, तेच झालं. विषय: बाबांच्या नोकरीच्या आठवणी आणि त्यांनी काढलेले फोटो. आता सांगा नाव.

मंदार_टी · सकाळी ९:२०

'तेच झालं' म्हणजे काय झालं? कळा जाते म्हणजे रंग बिघडतात, अक्षर बिघडतं, का मांडणी कोसळते? डॉक्टरकडे जाऊन 'बरं नाही' एवढंच सांगाल का? एक स्क्रीनशॉट टाका.

ओंकार_कोथरूड · सकाळी १०:०२

माझा सल्ला, फुकटच्या थीमच्या मागे लागू नये. चार-पाच हजार खर्च करा, चांगली प्रीमियम थीम घ्या, वर्षभर सपोर्ट मिळतो. वडिलांच्या आठवणींसाठी एवढं करायला हरकत नसावी.

तर्रीपोहा · सकाळी १०:१०

पैसे कायले घालवता? माझ्याकडे सगळ्या प्रीमियम थीमच्या झिप फायली पडून आहेत, फुकटात. मेसेज करा, ड्राइव्हची लिंक देतो.

मंदार_टी · सकाळी १०:१४

ताई, ती लिंक उघडूसुद्धा नका. कुलूप तोडलेल्या असल्या थीममध्ये अनेकदा भलताच कोड घुसवलेला असतो. आपल्याला दिसत नाही, पण पानाच्या तळाशी जुगाराच्या लिंका लपलेल्या असतात. मागे एका मित्राची साइट साफ करायला दोन दिवस गेले. साइट कसली, त्याच्या मेसची होती! मेन्यू शोधायला गेलं की गूगलमध्ये झुणका-भाकरीच्या नावाखाली कॅसिनो दिसायचा.

तर्रीपोहा · सकाळी १०:२२

मले तर कधी काही झालं नाही.

मंदार_टी · सकाळी १०:२३

तुम्हाला कळलं नाही, असं म्हणा.

इतवारी_लोकल · दुपारी १:३५

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. स्क्रीनशॉट चार टाकले आहेत.

१) डेमोतलं शीर्षक जाड, ऐटदार अक्षरात. माझं मराठी शीर्षक टाकलं की तो फॉन्टच राहत नाही, साधं सरकारी पत्रासारखं अक्षर येतं. माझ्या मोबाइलवर एक दिसतं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरंच.
२) दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.
३) मेन्यूतले शब्द तुटक दिसतात. 'आठवणी' असं न दिसता आ ठ व णी असं दिसतं.
४) फोटो कापले जातात. इंजिनाचं धुराडं वर गायब, रूळ खाली गायब, मधे नुसतं पोट.

शिरोरेषा · दुपारी २:१०

हे आधी सांगितलं असतं तर कालच झोपला असता. यात थीमचा दोष चाराणे, फॉन्टचा बाराणे.

डेमोत जे ऐटदार अक्षर दिसतं ते बहुतेक मॉन्टसेराट, लाटो असलं काहीतरी असतं. त्यांत देवनागरी नाहीच. मग ब्राउझर त्या-त्या यंत्रात असलेलं देवनागरी उचलतो. विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. म्हणून दोन ठिकाणी दोन रूपं. सोळाच काय, साठ थीम बदलल्या तरी हेच होणार. आधी फॉन्ट ठरवा, थीम नंतर. मुक्ता, हिंद, बलू, पॉपिन्स या सगळ्यांत देवनागरी आहे आणि सगळे फुकट. मजकुराला मुक्ता घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलाय, लांब मजकूर वाचायला त्रास होत नाही.

तुटक शब्द: थीमने मेन्यूला अक्षरांतलं अंतर वाढवून दिलंय, लेटर-स्पेसिंग म्हणतात ते. रोमनमध्ये शोभतं. आपल्याकडे शिरोरेषाच तुटते, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी कापल्यासारखी. ते शून्य करा.

उकार-वेलांटीची मारामारी: शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे ओळीला मिळणारी उंची, १.१ किंवा १.२ असणार. रोमनला चालते. आपल्याला वर मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. शीर्षकाला १.४, मजकुराला १.७ ठेवून पाहा. आणि मजकूर दोन्ही कडांना सारखा करू नका, मोबाइलवर शब्दांत भगदाडं पडतात.

अजून एक, सेटिंग्ज-जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करा. तारखा मराठीत येतील, आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतील.

ओंकार_कोथरूड · दुपारी २:३०

मुक्ता फार सर्रास झालाय हो. आठवणी म्हटल्यावर जरा जुन्या छपाईचा बाज हवा. तिरो देवनागरी मराठी वापरा, पुस्तकासारखं वाटतं.

शिरोरेषा · दुपारी २:४४

तिरो सुंदरच आहे, पण त्यात ठळक वजन नाही. ठळक केलं की ब्राउझर स्वतःच अक्षर सुजवतो, शाई पसरल्यागत दिसतं. शीर्षकाला ठळक न करता मोठ्या आकारात वापरा, मग चालेल.

ओंकार_कोथरूड · दुपारी २:५०

तेच म्हणत होतो मी.

शिरोरेषा · दुपारी २:५१

बरं.

मंदार_टी · दुपारी ३:१५

आता फोटो. मूळ फोटो कोणत्या आकाराचे आहेत? उभे, आडवे? कशावर काढलेले? स्कॅन किती एमबीचे?

इतवारी_लोकल · रात्री ९:२०

चौकोनी आहेत सगळे. बाबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे ते फार जपून काढत. आई सांगते, लग्नानंतरच्या पहिल्या रोलमध्ये अकरा इंजिनं आणि एक ती. एकूण १४० फोटो, स्कॅन सहा-सात एमबीचा एकेक. नागपूरच्या मोतीबागला रेल्वेच्या नॅरोगेज वर्कशॉपात होते बाबा, ३१ वर्षं. रविवारी पंचाहत्तरी आहे त्यांची. त्यांना यातलं काही माहीत नाही.

सावजी_रस्सा · रात्री ९:२६

अरे बाप्पा! नॅरोगेज! हे पहिल्या ओळीत सांगायचं सोडून 'विषय: नोकरी'! उमरेडला मामाकडे त्याच गाडीनं जात होतो आम्ही. गाडी इतकी हळू की उमरेडच्या अलीकडे पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत.

जुना_ब्लॉगर · रात्री ९:४०

नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज लाइन २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या आठवड्यात सौंसरपर्यंत जाऊन आलो. अडीच फुटी रूळ, म्हणजे ७६२ मिलिमीटर. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागत.

तर्रीपोहा · रात्री ९:४८

नागभीडवाली २०१९ पर्यंत होती. शेवटची तीच.

जुना_ब्लॉगर · रात्री ९:५५

मी छिंदवाडा लाइनबद्दल बोलतोय. तुमचा तिसरा स्क्रीनशॉट बघा, मागे पाण्याची टाकी आहे, ते सौंसर आहे.

सावजी_रस्सा · रात्री १०:०२

सावनेर आहे ते काका. सौंसर नाही.

जुना_ब्लॉगर · रात्री १०:०४

मी त्या फलाटावर उतरलोय.

सावजी_रस्सा · रात्री १०:०५

मी सावनेरचा आहे.

इतवारी_लोकल · रात्री १०:३०

मंडळी, शनिवार. थीम.

मंदार_टी · रात्री १०:४८

चौकोनी फोटो आणि रुंद पट्टीची थीम, इथेच गाडी घसरली. चौकोनातून १६:९ ची पट्टी कापली की वरचा-खालचा मिळून जवळपास ४४ टक्के फोटो जातो. त्यात तुमचं धुराडं. तेव्हा स्लायडरवाली, वर भलामोठा फोटो मिरवणारी थीम घेऊच नका. दोनच नावं सांगतो: जनरेटप्रेस किंवा वर्डप्रेससोबतच येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फोर. दोन्ही फुकट. दुसरी घेतलीत तर वर्डप्रेस ६.५ पासून फॉन्ट लायब्ररी आली आहे, एडिटरच्या स्टाइल्समध्ये जाऊन मुक्ता तिथूनच बसवता येतो, वेगळं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, नको. फीचर्ड इमेजचं, म्हणजे लेखाच्या मुख्य फोटोचं, गुणोत्तर 'चौकोन' किंवा 'मूळ' ठेवा.

जुन्या थीमने कापलेले लहान फोटो तसेच पडून असतील तर रीजनरेट थंबनेल्स नावाचं प्लगिन एकदा चालवा आणि काढून टाका. स्कॅन १६०० पिक्सेलवर आणून मगच चढवा. सात एमबीचे १४० फोटो, म्हणजे नातेवाइकांचा दिवसाचा डेटा पहिल्या पानावरच संपायचा.

सावजी_रस्सा · रात्री ११:०१

अॅस्ट्रातही हे सगळं होते.

मंदार_टी · रात्री ११:०३

होतं. पण त्यांना तीन दिवसांत हवंय, तीनशे सेटिंग नकोत.

कोरी_पाटी · शुक्रवार, सकाळी ७:५०

छान चर्चा. मला लोकांच्या प्रतिक्रिया मोबाइलवर टाइप करता येत नाहीत, मराठी कीबोर्ड कोणता चांगला?

ओंकार_कोथरूड · सकाळी ११:१५

एक राहिलंच. लेखाच्या पहिल्या अक्षराला मोठं करायची सोय असते ती जरूर वापरा, जुन्या मासिकांसारखं दिसतं.

शिरोरेषा · सकाळी ११:३०

वापरू नका. लेख 'स्टेशन'ने सुरू झाला तर नेमकं किती मोठं करायचं हे ब्राउझरागणिक बदलतं. कुठे 'स्टे' मोठा होतो, कुठे नुसता 'स्' आणि 'टे' खाली लोंबकळतो.

इतवारी_लोकल · शनिवार, रात्री १२:२०

झालं. ट्वेंटी ट्वेंटी-फोर, मजकुराला मुक्ता, शीर्षकाला तिरो (ठळक न करता, शिरोरेषा ताईंचं ऐकलं. ताई का दादा?). लेटर-स्पेसिंग शून्य केलं आणि 'आठवणी' पुन्हा जोडल्या गेल्या. फोटो चौकोनी राहिले. मुखपृष्ठावर एकच, धुराड्यासकट. पार्श्वभूमी किंचित पिवळट ठेवली, जुन्या फोटोंमागच्या कागदासारखी. मंदार दादा, रीजनरेट केल्याशिवाय खरंच काही बदलत नव्हतं, दोन तास डोकं आपटलं तेव्हा तुमची ओळ आठवली.

इतवारी_लोकल · रविवार, रात्री १०:१०

बाबांना सकाळी टॅबवर उघडून दिलं. थीमबद्दल एक शब्द नाही. चष्मा वर केला, टॅब नाकाजवळ घेतला, म्हणाले, "अक्षर इतकं फिकट काऊन ठेवलं वो? शाई संपली का?" राखाडी रंग होता मजकुराचा, मला मोठा शोभिवंत वाटलेला. तिथेच बसून काळा केला. आकारही १८ वरून २० वर नेला. मग त्यांनी एकेक फोटो बघायला घेतला, दुपारचं जेवण साडेतीनला झालं.

तिसरा स्क्रीनशॉट त्यांना दाखवला. ना सावनेर, ना सौंसर. रामाकोना आहे म्हणे, आणि टाकीखाली उभा आहे तो त्यांचा फिटर मित्र, ज्याच्याकडून त्यांनी कॅमेरा घेतला होता चाळीस रुपयांत. हे मजकुरात कुठेच नव्हतं. आता फोटोखालच्या १४० ओळी पुन्हा लिहायच्या आहेत, ते सांगतील तशा.

जुना_ब्लॉगर · रात्री १०:२५

रामाकोना सौंसरच्या पुढेच. म्हणजे मीच जवळ होतो.

सावजी_रस्सा · रात्री १०:२७

लिंक टाका ना ताई.