मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य (प्रा. आ.) केंद्राचे ग्रामीण रुग्णालय झाल्यावर उपकेंद्रे कोणाकडे?

महाराष्ट्रातल्या आरोग्य विभागाची रचना माहीत असणाऱ्यांनी कृपया सांगावे.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय करायला शासनाची मंजुरी मिळाली आहे. माझ्या माहितीप्रमाणे प्रा. आ. केंद्र आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात, तर ग्रामीण रुग्णालय थेट राज्य शासनाचे, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत. दोघांच्या वर पुन्हा परिमंडळाचे आरोग्य उपसंचालक. इथपर्यंत समजते.

अडचण उपकेंद्रांची आहे. एका उपकेंद्रात आरोग्यसेविकेचे पद रिक्त आहे. जिल्हा परिषदेत विचारले तर 'केंद्र आता वर्ग झाले' म्हणतात. शल्य चिकित्सक कार्यालय म्हणते, 'आमच्याकडे फक्त रुग्णालय'. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण लसीकरण कोणी करायचे?

माहिती अधिकारात अर्ज केला. कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे जायला हवा होता, पण 'संबंधित नाही' एवढेच उत्तर आले. पहिले अपील करणारच आहे, त्यामुळे तो सल्ला नको. गाव आदिवासी क्षेत्रात नाही. आरोग्यसेविका कंत्राटी नव्हे, जिल्हा परिषदेच्या नियमित आस्थापनेवरची होती.

श्रेणीवाढ झाल्यावर जुनी उपकेंद्रे शेजारच्या प्रा. आ. केंद्राला जोडायचा आदेश कोण काढतो: जिल्हा परिषद, उपसंचालक की मंत्रालय? आणि तो निघेपर्यंत रिक्त पदाची जबाबदारी कोणाची?