एसीचा गॅस चौथ्यांदा उडाला. डॅशबोर्ड खोलू द्यावा का?

राजेंद्रनगरची_मास्तरीण

नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, नववी-दहावीला विज्ञान शिकवते. 2021च्या दिवाळीत घेतलेली छोटी पेट्रोल गाडी आहे, चाळीस हजार किलोमीटरही झालेली नाही. बाकी गाडीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. रड आहे ती एसीची.

एप्रिल 2024 मध्ये पहिल्यांदा गार हवा येईना. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). गॅस कमी झालाय म्हणाले, भरला, 2,100 रुपये. जूनमध्ये पुन्हा तेच. तेव्हा निदान झालं की पुढचा कंडेन्सर (गॅस गार करणारी जाळी) दगड लागून फुटलाय. एक्स्टेंडेड वॉरंटी आहे म्हटलं, तर "मॅडम, स्टोन हिट वॉरंटी में नहीं आता." 11,400. जुना कंडेन्सर बघायला मागितला, तोवर तो भंगारात गेला होता म्हणे. मार्च 2025 मध्ये परत गॅस, सोबत ओ-रिंगा (पाइपांच्या जोडांतल्या रबरी कड्या), 3,250.

आणि आता मे. आईला घेऊन महेश्वरला निघाले. मानपूरपर्यंत ठीक होतं. घाट उतरून निमाडची हवा लागली आणि एसीने नेमका तेव्हाच राम म्हटला. आई 78 वर्षांची. काचा खाली कराव्या तर लू, वर कराव्या तर भट्टी. धामनोदला उसाच्या रसाच्या गाड्यापाशी अर्धा तास बसलो. आईने पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "आपल्या अँबॅसिडरला एसीच नव्हता, म्हणून बिघडायचाही नाही."

आता ते म्हणतात कूलिंग कॉइल लीक आहे. डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, सोळा हजारांच्या आसपास. नक्की कॉइलच का, असं विचारलं तर "निकालने के बाद ही पता चलेगा." मग आधीचा गॅस गेला कुठे? "मॅडम, गॅस तो उड़ जाती है. गर्मी में ज़्यादा उड़ती है." बंद भांड्यातला वायू आपोआप नाहीसा होत नाही हे मी वीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून देतेय, आणि हा मुलगा मला हे सांगतोय.

अजून एक. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस 370 ग्रॅम लिहिलाय. माझ्या तिन्ही बिलांवर 600 ग्रॅम आहे.

पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा. दर वेळी गाडी मिळाली की संध्याकाळी अ‍ॅडव्हायझरचा फोन: "कॉल आएगा, दस में से दस बोल देना मॅडम, वरना मेरा इन्सेंटिव्ह कटता है." पोरगं गरीब, मी दर वेळी दहा दिले. आता कंपनीला सविस्तर मेल लिहिला तर उत्तर आलं की मागच्या तिन्ही भेटींत आपण पूर्ण समाधानी होता. खाली लिहिलंय, तक्रार बंद.

डॅशबोर्ड खोलू द्यावा का? आणि तक्रार करायची तर कुठे?

पलासिया_64

विका आणि मोकळ्या व्हा. मी तेच केलं.

राजेंद्रनगरची_मास्तरीण

विकत घेणाऱ्याला काय सांगू, गॅस उडतो म्हणून?

एसीवाला_देवासनाका

ताई, 22 वर्षं हेच काम करतोय. आधी डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. एकदा पूर्ण उतरवलेला डॅशबोर्ड जुन्यासारखा बसला नाही तर पुढे प्रत्येक खड्ड्यात खडखड वाजतो.

कॉइल लीक आहे की नाही ते न खोलता कळतं. सिस्टममध्ये नायट्रोजनचं प्रेशर भरायचं, गेज लावून अर्धा तास बघत बसायचं. काटा खाली आला तर लीक आहे. मग पाइपांच्या जोडांना, कंडेन्सरला, गॅस भरायच्या व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावायचा. कॉइल आत असते, तिला फेस लावता येत नाही. त्यासाठी गॅससोबत डाय (दिव्याखाली चमकणारा रंग) टाकतात. गाडी दोन-चार दिवस चालवायची आणि एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी निळा दिवा धरायचा. तिथे हिरवट चमकलं तर कॉइल. यातलं काहीच न करता तीनदा गॅस भरला असेल तर त्याला रिपेअर नाही म्हणत, रिचार्ज म्हणतात, मोबाइलसारखा.

600 ग्रॅमचं म्हणाल तर दोनच शक्यता. एक तर 370 भरून 600 चे पैसे घेतले, किंवा खरंच जास्त भरला. दुसरं जास्त वाईट. गॅस जास्त झाला की प्रेशर वाढतं, कूलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओल ओढून काढणं) किती वेळ लावला तेही विचारा. "दस मिनट" म्हणाले तर समजून जा.

वकील_नाही_पण

तक्रारीचं मी सांगतो, मी या चक्रातून गेलोय (माझा विषय फ्रिजचा, पण रस्ता तोच).

आधी चारही जॉब कार्डांच्या (गाडी देताना तक्रार लिहून तुमची सही घेतात तो कागद) प्रती मागून घ्या. तुम्ही काय बोललात याला किंमत नाही, कार्डावर काय लिहिलंय याला आहे. बहुतेक वेळा "एसी चेक" एवढंच लिहितात. या वेळी सही करण्याआधी "तीच तक्रार, चौथी वेळ" असं लिहायला लावा. पैसे मोजून बदललेला जुना भाग परत मागायचा, आणि तोही कार्डावर लिहून घ्यायचा. वॉरंटीत बदललेला ते ठेवून घेतात, पण तुमचा कंडेन्सर तुमच्या पैशांचा होता.

मग 1915 ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे निकाल होत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि तुमच्याकडे तक्रारीचा नंबर येतो. तेवढ्याने हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत 2 वर्षांची, तेव्हा एप्रिल 2024चं बिल डोळ्यांपुढे ठेवून चाला.

दहा पैकी दहाचं मनावर घेऊ नका. तीन वेळा समाधानी असलेली बाई त्याच दुखण्यासाठी चौथ्यांदा का आली, हे त्यांनाच सांगू दे.

राजेंद्रनगरची_मास्तरीण

नऊ दिवसांनी लिहितेय. दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे बाहेर एका एसीवाल्याकडे नायट्रोजन लावला. 600 रुपये. मी स्वतः स्टूल टाकून गेजसमोर बसले. काटा हळूहळू उतरला. जोडांना फेस लावला, काही नाही. कंडेन्सर ठीक. मग त्याने गॅस भरायच्या व्हॉल्व्हला फेस लावला आणि तिथे बुडबुडे, शाळेत दाखवतो तसे स्वच्छ, एकामागून एक. आतली पिन बदलली, दीडशे रुपये. पुन्हा प्रेशर, या वेळी काटा जागचा हलला नाही. पाऊण तास व्हॅक्यूम, मग वजनकाट्यावर तोलून 370 ग्रॅम. डायही टाकलाय, काल नळीशी दिवा धरला, चमक नाही. काल दुपारी देवासला जाऊन आले, आई मागे शाल मागत होती.

1915 चा नंबर आलाय. वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोनही आला, आवाज एकदम मवाळ. 600 ग्रॅमचा खुलासा लेखी मागितलाय, अजून आलेला नाही.

एसीवाला_देवासनाका

व्हॉल्व्हवर काळ्या कॅप होत्या का, ताई? दोन असतात. पिन जराशी गळत असली तरी ती कॅप बराचसा गॅस धरून ठेवते.

राजेंद्रनगरची_मास्तरीण

एकही नव्हती. गाडी घेतली तेव्हाच्या फोटोत दोन्ही आहेत, आत्ता बघितला.

वकील_नाही_पण

तो फोटो तक्रारीला जोडा.