१९५४ च्या गाडीतला व्हॉल्व्ह रेडिओ: व्हायब्रेटरची घरघर नाही, फ्यूज उडतो

खटका_५४
१९५४ ची अमेरिकी गाडी, ६ व्होल्ट, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. डॅशबोर्डातला मूळचा रेडिओ बरीच वर्षं बंद आहे. स्विच दिला की डायलचा दिवा लागतो, व्हॉल्व्ह गरम होतात, पण व्हायब्रेटरची (व्हॉल्व्हना लागणारं मोठं व्होल्टेज बनवता यावं म्हणून बॅटरीचा प्रवाह सतत तोडजोड करणारी डबी) घरघर येत नाही. दुसऱ्यांदा चालू केला तेव्हा १४ ॲम्पियरचा फ्यूज गेला. आत व्हॉल्व्ह असे: ६बीए६ दोन, ६बीई६, ६एव्ही६, ६एक्यू५ आणि धातूच्या कवचाचा ०झेड४ (रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा). व्हायब्रेटर चार पिनांचा.

नुसता व्हायब्रेटर बदलून भागेल का? की ट्रान्झिस्टरवाला (हलतं पातं नसलेला) लावावा? शिवाय डायलवर दोन ठिकाणी बारीक त्रिकोण छापलेत, ते कशाचे?

बीप्लस
नुसता व्हायब्रेटर बदलू नका, नवाही वाया जाईल. अशा सेटमध्ये व्हायब्रेटर मरतो तो बहुतेक वेळा बफर कंडेन्सरमुळे.

व्हायब्रेटरचं पातं सेकंदाला सुमारे ११५ वेळा हलतं आणि बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (बॅटरीकडच्या गुंडाळीत) एकदा या अर्ध्यात, एकदा त्या अर्ध्यात सोडतं. संपर्क सुटतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरमधून मोठा झटका येतो. तो गिळायला सेकंडरीवर (मोठ्या व्होल्टेजच्या गुंडाळीवर) बफर असतो. जुन्या कागदी कंडेन्सरमधून गळती सुरू झाली की संपर्कांवर ठिणग्या पडतात, टंगस्टनचे ठिपके खरबरीत होतात आणि शेवटी चिकटतात. चिकटले की प्रायमरीचा अर्धा भाग थेट बॅटरीवर. तुमचा फ्यूज बहुधा तिथेच गेला. जास्त ॲम्पियरचा फ्यूज घालायचा मोह टाळा, नाहीतर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळेल.

म्हणून बफर बदलेपर्यंत व्हायब्रेटर काढूनच ठेवा. बफरची कपॅसिटी छापलेली असते किंवा सर्किटमध्ये सापडते, ०.००५ ते ०.०१ मायक्रोफॅरड, १६०० व्होल्ट अशी साधारण असते. जी असेल तीच घालायची, 'जवळपास' चालत नाही. ती त्या ट्रान्सफॉर्मरशी जुळवलेली असते. कमी-जास्त झाली की ठिणग्या पुन्हा सुरू. ०.००७५ असेल तर ०.००६८ आणि ६८० पिकोफॅरड समांतर जोडा. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनचे, १६०० व्होल्ट किंवा वरचे. ६३० व्होल्टचा इथे टिकणार नाही. बफरच्या ओळीत (सिरीजमध्ये) रेझिस्टर असेल तर तोही मोजून घ्या.

हात घातलाच आहे तर आणखी दोन जागा. फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (२० च्या जागी २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट चालतो), आणि ६एव्ही६ च्या प्लेटपासून ६एक्यू५ च्या ग्रिडला जाणारा ०.०१ चा कागदी कंडेन्सर. हा दुसरा गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, ६एक्यू५ भरमसाट प्रवाह खेचतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. बाकीचे कागदी सवडीने बदला.

मग टेबलावर तपासणी. स्पीकर जोडलेला हवाच.

पहिल्यांदा व्हायब्रेटर काढलेला, ओळीत ६ व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब. बल्ब मंद राहिला तर ठीक, लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढून प्रवाह मोजा. तुमच्या व्हॉल्व्हमध्ये ६एक्यू५ चा हीटर ०.४५ ॲम्पियर, बाकी चौघांचा प्रत्येकी ०.३, ०झेड४ ला हीटरच नाही. डायलचा दिवा धरून सुमारे २ ॲम्पियर यायला हवेत.

त्यानंतर व्हायब्रेटर घालून थेट बॅटरी आणि फ्यूज. इथे बल्ब नको, व्होल्टेज हळूहळू चढवणंही नको. कमी व्होल्टेजवर पातं अर्धवट ओढलं जाऊन अडकतं. एका फटक्यात ६ व्होल्ट द्या. घरघर लगेच यायला हवी, एकूण प्रवाह ६ ते ८ ॲम्पियर. पहिल्या फिल्टरवर २२० ते २५० व्होल्ट असतात, तेव्हा मोजताना एक हात खिशात.

पातं_आणि_पिन
जुना व्हायब्रेटर टाकू नका, कित्येकदा तो मेलेला नसतो. पडून राहिल्यावर संपर्कांवर ऑक्साइडचा थर चढतो, एवढंच. डबीची दुमडलेली कड बुडाशी पक्कडीने हलक्या हाताने उलगडा. आत आवाज दाबायला रबरी फोम असतो आणि खरा शत्रू तोच: कुजतो, चिकट काळा राडा होतो आणि त्यातली गंधकाची वाफ संपर्क काळे करते. फोम पूर्ण खरवडून काढा, नवीन बसवायचा तर गंधक नसलेला. संपर्कांमध्ये ६०० नंबरचा पॉलिश पेपर घडी घालून दोन-चारदा ओढा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेली साध्या कागदाची पट्टी. कानस लावू नका, आणि पातं वाकवून गॅप 'सुधारायला' तर अजिबात जाऊ नका.

ट्रान्झिस्टरवाल्याबद्दल: चालतो उत्तम, पण त्याला पोलॅरिटी असते. मूळच्या चार पिनांच्या व्हायब्रेटरला बॅटरी कुठल्याही बाजूने लागली तरी फरक पडत नाही, कारण एसीची डीसी करायचं काम ०झेड४ करतो. तुमची बॉडी पॉझिटिव्ह आहे. निगेटिव्ह अर्थसाठीचा (निगेटिव्ह टोक बॉडीला असलेल्या गाडीचा) नग घातलात तर स्विच देताच संपला. बफर मात्र त्यालाही लागतोच.

डायलदिवा
त्रिकोण ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर असतील. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत कॉनेलरॅड नावाची योजना होती, १९५१ ते १९६३. हल्ला झालाच तर बाकी स्टेशनं बंद करून फक्त या दोन जागांवर सूचना द्यायच्या, त्याही आळीपाळीने वेगवेगळ्या स्टेशनांवरून, म्हणजे शत्रूच्या विमानांना सिग्नल धरून शहर गाठता येऊ नये. १९५३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर ही खूण सक्तीची होती. डायलची काच स्पिरिटने पुसू नका, त्रिकोणांसकट सगळी छपाई निघून येईल.

(त्याच काळातली दुसरी गंमत: १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत डॅशबोर्डाखाली रेकॉर्ड प्लेअर मिळायचा. ७ इंची तबकडी, मिनिटाला १६⅔ फेरे.)

खटका_५४
बफर ०.००७५ च होता, सांगितलं तसा जोडून घातला. फिल्टर आणि ०.०१ चाही बदलला. व्हायब्रेटर साफ केल्यावर घरघर आली, प्रवाह ७ ॲम्पियर. पण फिल्टरवर व्होल्टेज येतं-जातं, दोन-तीनदा स्विच दिल्यावर टिकतं. गाडीत बसवल्यावर स्टेशनं क्षीण लागतात, आणि इंजिन चालू असताना टकटक आणि शिट्टी दोन्ही.

बीप्लस
येतं-जातं ते ०झेड४ मुळे. आत कॅथोड तापवायला हीटर नसतो, वायू असतो. तो पेटायला सुमारे ३०० व्होल्टचा धक्का लागतो आणि म्हातारपणी तो एवढ्यावर पेटत नाही. नवा मिळाला तर उत्तम. नाहीतर सॉकेटखाली प्रत्येक बाजूला दोन-दोन १एन४००७ डायोड ओळीत लावा. एकेकटा झटक्याने जाऊ शकतो. व्होल्टेज वीसेक व्होल्टने वाढेल, म्हणून फिल्टर ४५० चाच हवा. नवा ०झेड४ घातलात तर पिन १ चॅसीला पक्की आहे ना बघा. कवच अर्थ नसेल तर तो स्वतःच खरखर पसरवतो.

पातं_आणि_पिन
आवाज ओळखायचा असा: इंजिन जोरात फिरवून इग्निशन बंद करा. टकटक तत्क्षणी थांबते. शिट्टी इंजिनबरोबर खाली उतरत जात असेल तर ती डायनॅमोची.

टकटकीसाठी डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वायरवर १०,००० ओहमचा सप्रेसर (आवाज दाबणारा रेझिस्टर), आणि कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला ०.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. पॉइंटकडच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्कांकडच्या) टोकाला नाही, तिथे लावलात तर ठिणगी कमजोर होईल. डायनॅमोलाही तसाच ०.५ चा, आर्मेचरच्या टर्मिनलवर. फील्डच्या टर्मिनलवर चुकूनही नको, रेग्युलेटरचे संपर्क जळतात. कंडेन्सरचं कवच जिथे बसेल तिथला रंग खरवडून घ्या.

क्षीण स्टेशनांसाठी एरियलचा ट्रिमर (स्क्रूने कमी-जास्त करायचा छोटा कंडेन्सर). एरियल पूर्ण बाहेर काढा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं मंद स्टेशन लावा आणि स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईल तिथे ठेवा. स्क्रू शेवटपर्यंत जाऊनही शिखर सापडलं नाही, तर मधे कुणीतरी साधी कोॲक्सियल वायर जोडलेली असणार. गाडीच्या एरियलची मूळ केबल वेगळी: पोकळ नळीत बारीक तार, म्हणून कपॅसिटन्स कमी. साधीचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात जातो आणि ट्रिमरला तो भरून काढता येत नाही. केबलच बदलावी लागेल.