नातवाची शाळा ‘फर्स्ट नेशन’ मंडळाकडे आहे. आपल्या मध्य प्रदेशात, झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी भागात असं होऊ शकेल का?

सुदामानगरच्या_आजी

नमस्कार मंडळी. मुलगा-सून यंदा टोरांटो सोडून कॅनडाच्याच युकॉन प्रदेशात व्हाइटहॉर्सला राहायला गेलीत. नातू दुसरीत आहे. शाळा सरकारीच, पण ती चालवतं युकॉन फर्स्ट नेशन स्कूल बोर्ड, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं मंडळ. मुलगा सांगतो, वरून हुकूम आला नव्हता. २०२२ च्या जानेवारीत शाळाशाळांच्या लोकांनी मतदान केलं आणि आठ शाळा त्या मंडळाकडे गेल्या. पुढे आणखी काही गेल्या.

मागच्या आठवड्यात पोरगं घरी आलं ते धुराचा वास घेऊन. शाळेने रानात नेलं होतं, तिथल्या एका आजीबाईंनी मूसचं कातडं खरवडायला शिकवलं. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर समजा. आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नाही, त्यामुळे सूनबाईंनी स्वेटर आधी गॅलरीत टाकला आणि मग फोटो पाठवला.

विहीणबाईंना हे कळलं मात्र, फोनवर अर्धा तास! “कॅनडात जाऊन नातू आदिवासींच्या शाळेत?” मला ते बोलणं लागलं. आमचे हे आदिम जाती कल्याण विभागाचे मास्तर. आधी अलीराजपूर, मग कुक्षी, रिटायर होऊन इंदूर. आदिवासींची शाळा म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय. पाटीवर नाव आदिवासींचं, बाकांवर मुलं आदिवासींची, आणि मास्तर, पुस्तकं, सुट्ट्या, भिंतीचा रंगसुद्धा भोपाळचा.

तर दोन शंका. नातवाचा अभ्यास मागे पडेल का? आणि आपल्याकडे एखाद्या फळियाने, म्हणजे आदिवासी पाड्याने, असं मत देऊन शाळा ताब्यात घ्यायची म्हटली तर जमेल का? हे म्हणतात, शक्यच नाही. मला वाटतं, कायदा असणार.

रामबाग_ते_कॅलगरी

काकू, अभ्यासाची काळजी सोडा. अभ्यासक्रम युकॉनचाच राहतो, आणि तो बराचसा शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाचाच आहे. शाळा सगळ्या मुलांना खुली. मंडळाने वाचन पक्कं करण्यावर जोर दिलाय, दुसरीतल्या पोराला ते बरंच. फरक पडतो तो माणसं कोण नेमणार, पैसा कुठे लागणार आणि वर्गाबाहेर काय शिकवणार यात.

मतदानाची सोय तिथल्या शिक्षण कायद्यात आधीपासून होती. पालक-रहिवाशांनी मागणी करायची, मग मतदान, बहुमत झालं की शाळा मंडळाकडे. २०२२ पर्यंत असं मंडळ एकच होतं, फ्रेंच भाषिकांचं. हे विहीणबाईंना जरूर सांगा. फ्रेंच म्हटलं की त्या नाक मुरडणार नाहीत.

मागणी मात्र फार जुनी. १९७३ मध्ये एलायजा स्मिथ आणि युकॉनचे इतर प्रमुख राजधानी ओटावाला तेव्हाचे पंतप्रधान पिएर त्रूदोंकडे निवेदन घेऊन गेले, त्यात शिक्षण होतंच. त्याआधीच्या पिढ्यांना घरातून उचलून निवासी शाळांत टाकलं होतं. कारक्रॉसची चूटला शाळा त्यातलीच. मातृभाषा बोललं की मार. आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी युकॉनच्या शिक्षण खात्याला सुनावलं की फर्स्ट नेशनची मुलं मागे का पडतात, याच्या मुळाशी खातं गेलेलंच नाही. त्यानंतर तीन वर्षांत हे मतदान झालं.

कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, नोव्हा स्कोशियात, मिकमॉ या मूळ रहिवाशांनी १९९७ च्या करारानंतर आपल्या शाळा हातात घेतल्या. आज त्यांची बारावी पूर्ण करणारी मुलं ९० टक्क्यांच्या आसपास आहेत.

निमाडचा_मास्तर

आजी, तुमचंही बरोबर आणि काकांचंही.

कायदा आहे. १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या भागात, सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्या, असं त्यात राज्यांना सांगितलंय. शाळा यात आलीच. पण मध्य प्रदेशला नियम करायला १५ नोव्हेंबर २०२२ उजाडलं. म्हणजे युकॉनमध्ये मतदान झालं त्याच साली आपल्याकडे नियम छापून आले!

त्याच्याही आधी एक गोष्ट झाली होती, ती लोक विसरले. १९९७ ची शिक्षा गारंटी योजना. आदिवासी भागात किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि २५ मुलं असतील तर गावाने मागायचं, सरकारने ९० दिवसांत द्यायचं. गुरुजी गावानेच सुचवायचा. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात असे एक गुरुजी होते. बारेली ही तिथली आदिवासी बोली बोलणारे, त्याच फळियाचे. कुठलं पोर बकऱ्यांमागे गेलं आणि कुठलं आजारी आहे, हे हजेरी घेण्याआधीच त्यांना माहीत असायचं. मानधन मात्र बोलायला लाज वाटावी असं. पुढे गुरुजींचे संविदा (कंत्राटी) शिक्षक झाले. पगार सुधारला, ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर बदलीही आली. आमचे गुरुजी दुसऱ्या ब्लॉकला गेले आणि त्यांच्या जागी आला तो हिंदीशिवाय काही न बोलणारा. तो म्हणजे मीच दुसऱ्यांदा, हा भाग वेगळा.

माझं मत सांगतो. शाळा कोणाची हे मतपेटीवर ठरत नाही, मास्तरची बदली आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर कोणाच्या सहीने होतं यावर ठरतं. दिवाळीनंतर आमची निम्मी मुलं आईबापांबरोबर गुजरातला मजुरीला जातात. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला परततात. वार्षिक परीक्षा त्याच सुमाराला, आणि उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा मुलं गावात! गावाच्या हातात कॅलेंडर असतं तर पहिल्याच बैठकीत हे बदललं असतं, त्याला काही शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती आहेच, शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. रजिस्टरात अंगठे भरलेले असतात. पण सही चालते ती मध्यान्ह भोजनाच्या हिशोबावर.

वल्लभनगर_वाला

मास्तर, रागावू नका, पण ग्रामसभा म्हणजे शेवटी सरपंचपतीच ना? उद्या बदली गावाच्या हातात दिली तर गुरुजी सरपंचाचा भाचा निघणार. कॅनडात मंडळामागे बजेट आहे, कार्यालय आहे. इथे नुसता ठराव.

निमाडचा_मास्तर

भाचा निघेल, मान्य. भाचा शाळेत येईल तरी. त्याला रोज गावातच राहायचंय, शिव्या द्यायला सगळे हजर. बजेटचं तुमचं बरोबर. आमच्या ग्रामसभेने मास्तर येत नाही म्हणून ठराव केला, वर पाठवला. उत्तर आलं, ‘ठराव प्राप्त झाला.’ पुढे काही नाही. म्हणूनच म्हणतो, नुसतं मतदान मागू नका. नेमणूक आणि पैसा यांच्यासकट मागा. युकॉनवाल्यांनी तेच केलं.

सुदामानगरच्या_आजी

मास्तर, ह्यांना वाचून दाखवलं. ‘बदली’ शब्दावर मान डोलावली आणि चहा मागितला. कुक्षीची बदली कशी झाली होती, ते मग तासभर ऐकलं.

विहीणबाईंना फ्रेंचांचं सांगितलं. म्हणाल्या, “मग फ्रेंच शाळेतच घाला ना!” आता काय बोलणार.

मुलाला सांगितलंय, शाळेच्या स्थानिक समितीच्या बैठकीला जाऊन बस, आणि कॅलेंडर कोण ठरवतं ते विचार. मास्तर, पेसाच्या नियमांची हिंदी प्रत कुठे मिळेल? आमच्या कामवाल्या बाई अलीराजपूरच्या, भाऊ पंच आहे, तो मागतोय.

निमाडचा_मास्तर

त्याला जनपद (तालुक्याच्या) पंचायतीत मागायला सांगा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. नाही दिली तर इथे लिहा, माझ्याकडे झेरॉक्स आहे.